साठ हजारांचा यूव्ही कोर्स करावा का?

पत्र: माझा मुलगा 21 वर्षांचा आहे. दहावीनंतर आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड केला. वर्षभर पुण्यात एका कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. मोठ्या इमारतींच्या एसी प्लँटमध्ये हवा थंड करणारी कॉइल स्वच्छ राहावी म्हणून निळ्या यूव्ही ट्यूब बसवायचं काम करतो. आता एक संस्था आठ दिवसांचा 'यूव्ही एक्स्पर्ट' कोर्स देते म्हणते, फी 60 हजार. या लाइनला भविष्य आहे का? आणखी एक. मागच्या महिन्यात दोनदा रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, झोप नाही. सुपरवायझर म्हणतो, सवय होईल. – एक पालक, विटा (जि. सांगली)

उत्तर: कोर्सचं नंतर बघू, आधी डोळ्यांचं. 'सवय होईल' हे सपशेल चूक आहे. या ट्यूबमधून 254 नॅनोमीटरचा यूव्ही-सी प्रकाश बाहेर पडतो आणि तो डोळ्याचा वरचा पारदर्शक पडदा भाजतो. भाजताना काहीच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्रीच, डोळे खुपायला लागतात. उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग बघितल्यावर होतं तेच हे. सहसा एक-दोन दिवसांत उतरतं, पण दोनदा झालंय म्हणजे नेत्रतज्ज्ञांना दाखवाच. मेडिकलमधून डोळे बधिर करणारे थेंब आणून घालत बसू नये.

हे किती पटकन होतं ते मुलाला आकड्यांत सांगा, म्हणजे त्याला पटेल. आठ तासांच्या कामात डोळ्यांवर पडणाऱ्या या प्रकाशाची मान्य मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला 6 मिलिज्यूल आहे. उघड्या ट्यूबसमोर दर चौरस सेंटीमीटरला 100 मायक्रोवॅट सहज मिळतात. भागाकार केला की उत्तर येतं 60 सेकंद. 'ट्यूब पेटली का बघतो' म्हणून दोन-तीनदा डोकावलं की दिवसभराचा कोटा संपला.

खरं तर डोकवायची गरजच नसते. दाराला साधी काच किंवा पॉलिकार्बोनेटची छोटी खिडकी असली की पुरतं, दोन्ही यूव्ही-सी अडवतात. दार उघडताच ट्यूब बंद करणारा लिमिट स्विच हवा, एसी युनिटच्या बाहेर कुलूप लावता येईल असा, वीज तोडणारा आयसोलेटर हवा. टेस्टिंगच्या घाईत त्या लिमिट स्विचला जंपर मारतात, म्हणजे वायर जोडून तो निकामी करतात, आणि काढायचा विसरतात. अशा अपघातांचं हे नेहमीचं कारण. पेटत्या ट्यूबजवळ जावंच लागलं तर यूव्हीसाठीचा पूर्ण चेहरा झाकणारा शील्ड, नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. नुसता गॉगल पुरत नाही, मान आणि मनगटं भाजतात.

आता लाइनला भविष्य आहे का, याकडे येऊ. त्यासाठी ही ट्यूब नेमकं काय करते ते बघावं लागेल, कारण विकणारे जे सांगतात आणि ती जे करते त्यात बरंच अंतर आहे.

थंड पाण्याच्या कॉइलवर हवेतली वाफ दव होऊन बसते. ओले फिन (कॉइलवरचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे), अंधार आणि फिल्टरमधून सुटलेली बारीक धूळ. बुरशी आणि जिवाणूंना आणखी काय हवं? त्यांचा चिकट थर फिनवर आणि ड्रेन पॅनमध्ये, म्हणजे खाली पाणी गोळा होतं त्या ट्रेमध्ये, जमतो. हवा अडते, उष्णता नीट जात नाही, वास येतो. म्हणून ट्यूब बसवतात कॉइलच्या पुढे, म्हणजे हवा जिथून बाहेर पडते त्या बाजूला, साधारण 30 सेंटीमीटरवर. ती बाजू जास्त ओली असते आणि ड्रेन पॅनही प्रकाशात येतो. कॉइलच्या पृष्ठभागावर 50 ते 100 मायक्रोवॅट पडेल अशी मांडणी करतात. हा आकडा लहान वाटतो, पण कॉइल जागची हलत नाही. 50 मायक्रोवॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला 4,320 मिलिज्यूल. ॲल्युमिनियमचे फिन यूव्ही चांगला परावर्तित करतात, त्यामुळे तो ओळींच्या आतपर्यंत पोचतो.

वाहत्या हवेचं गणित वेगळं. तीच हवा सेकंदाला अडीच मीटरने पाव सेकंदात ट्यूबसमोरून निघून जाते. हवेतले विषाणू मारायचे तर तीव्रता कितीतरी जास्त लागते. 2021 मध्ये सीएसआयआर-सीएसआयओ या सरकारी संशोधन संस्थेची डक्टमधली यूव्ही-सी यंत्रणा संसदेत बसवली, ती या दुसऱ्या कामासाठी. कॉइलसाठीच्या चार ट्यूब दाखवून 'हवा शंभर टक्के निर्जंतुक' म्हणणारा माणूस ग्राहकाला फसवतोय, आणि उद्या त्याचं उत्तर साइटवर उभ्या असलेल्या तुमच्या मुलाला द्यावं लागेल.

ही ट्यूब धूळ काढत नाही, कापसाचे तंतू काढत नाही, वाकलेले फिन सरळ करत नाही. म्हणून आधी कॉइल धुवायची. हवेच्या उलट दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने, ॲल्युमिनियमला चालेल असं क्लीनर वापरून. कार वॉशचा प्रेशर पंप लावला की फिन आडवे झालेच. वाकलेले फिन त्यांच्या खास कंगव्याने (फिन कोम्ब) सरळ करायचे, मग ट्यूब. मळक्या कॉइलवरच ट्यूब लावली तर जुना थर सुकून पापुद्र्यांनी सुटतो, ड्रेन पॅनमध्ये पडतो आणि निचऱ्याच्या नळीचा ट्रॅप तुंबवतो. दोन-तीन आठवड्यांनी खालच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगमधून पाणी टपकतं, आणि शिव्या बसतात त्या ट्यूब बसवणाऱ्याला.

बाकीच्या चुकाही ठरलेल्या आहेत. बॅलास्ट, म्हणजे ट्यूबला वीज पुरवणारं उपकरण, ओल्या भागात ठेवतात. तो बाहेर पॅनलमध्ये हवा. साधी पीव्हीसी वायर वापरतात, ती यूव्हीने कडक होऊन तुकड्यांनी गळते. प्लॅस्टिकचा ड्रेन पॅन, रबरी गॅस्केट, सिंथेटिक फिल्टर यांच्यावर थेट प्रकाश पडला की तेही जातात. आडोसा करावा किंवा ॲल्युमिनियम टेप लावावी. ट्यूब उघड्या हाताने धरली तर बोटांचं तेल काचेवर राहतं, म्हणून सुती मोजे आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. साधी क्वार्ट्झ ट्यूब 185 नॅनोमीटरचाही प्रकाश सोडते आणि त्यातून ओझोन होतो, तेव्हा माल मागवतानाच ओझोन न करणारी ट्यूब लिहायची. आणि पंख्याच्या टायमरवर ट्यूब जोडायची नाही. पंखा बंद असतो त्या रात्री कॉइल ओलीच असते, बुरशीला तेवढं पुरतं.

ट्यूबचं आयुष्य साधारण 9,000 तास, म्हणजे वर्षभर. त्यानंतरही ती निळी दिसत राहते, म्हणून कोणी बदलत नाही. निळेपणा हा दिसणारा प्रकाश आहे, त्यावरून यूव्ही-सी किती उरलाय ते कळत नाही. त्याला 254 नॅनोमीटरचा मीटर लागतो. ट्यूबमध्ये पारा असतो. फुटली तर व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, आणि काढलेल्या ट्यूब भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत. त्या ई-कचऱ्याच्या नियमात येतात, नोंदणीकृत रीसायकलरकडेच जायला हव्यात.

विजेच्या बचतीचं तर सगळ्यात जास्त फुगवून सांगतात. एक उदाहरण मुलासोबत कागदावर सोडवा. कॉइल 1.8 मीटर बाय 1.2 मीटर, हवेचा वेग सेकंदाला 2.5 मीटर. म्हणजे सेकंदाला 5.4 घनमीटर, साइटच्या भाषेत साधारण 11,400 सीएफएम (मिनिटाला घनफूट). कॉइल स्वच्छ झाल्यावर दाबातला फरक 50 पास्कलने, म्हणजे सुमारे 5 मिलिमीटर वॉटर कॉलमने उतरला असं धरू. पंख्याची एकूण कार्यक्षमता 55 टक्के धरली तर 5.4 गुणिले 50 भागिले 0.55, सुमारे 490 वॅट वाचले. बारा तासांचे झाले 5.9 युनिट. आता 60 वॅटच्या चार ट्यूब, बॅलास्ट धरून 270 वॅट, चोवीस तास: 6.5 युनिट. पंख्याने वाचवलं त्यापेक्षा ट्यूबनेच जास्त खाल्लं!

शिवाय हे 490 वॅटसुद्धा पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) असेल आणि तो हवा तेवढीच ठेवून वेग कमी करत असेल तरच वाचतात. पट्टा-पुलीच्या ठरावीक वेगाच्या पंख्यावर कॉइल स्वच्छ झाली की हवा वाढते आणि बहुधा मोटरचे अँपिअरही वाढतात. मग फायदा कुठे? चिलरकडे, म्हणजे कॉइलला थंड पाणी देणाऱ्या यंत्राकडे. मळकी कॉइल थंडावा देत नाही म्हणून ऑपरेटर पाण्याचं तापमान 7 वरून 6 अंशांवर आणतो, आणि चिलरला त्या एका अंशाचे दोन-तीन टक्के जास्त पडतात. वर्षातून दोनदा शटडाउन घेऊन कॉइल धुवायचा खर्चही वाचतो, वास जातो. जिथे शटडाउन मिळतच नाही, उदाहरणार्थ हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर, तिथे ही ट्यूब सोन्याच्या मोलाची. सगळीकडे नाही.

हवामानही बघावं लागतं. मुंबई, कोकण, गोव्यात कॉइल जवळजवळ वर्षभर ओली. नागपूरला एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवा इतकी कोरडी की बऱ्याच कॉइलवर दव फारसं धरतच नाही. तिथे फिल्टर नीट बदलले तर जास्त उपयोग. गरम पाण्याची कॉइल कोरडीच असते, तिच्यावर थर धरत नाही. औषध कंपन्यांत आर्द्रता सांभाळायला थंड कॉइलच्या पुढे ती असते, तेव्हा मधल्या जागेत ट्यूब बसते आणि दोन्हींवर प्रकाश पडतो, इतकंच.

यावरून कोर्सचं उत्तर निघतं. ट्यूब बसवणं हे चार दिवसांत शिकायचं काम आहे, त्यावर आयुष्य काढता येत नाही. ट्यूब हवी की नको, लावल्यावर फरक पडला का, हे मोजून सांगणारा माणूस मात्र प्रत्येक प्लँटला हवा असतो. आणि मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. कॉइलच्या अलीकडे-पलीकडे दाब मोजणारा मॅनोमीटर लावला आणि आकडा उतरलेला दिसला, तर तो ट्यूबमुळे उतरला की फिल्टर तुंबून हवाच कमी झाली म्हणून? दाब हवेच्या वेगाच्या जवळजवळ वर्गाने बदलतो. म्हणून प्रत्येक रीडिंगबरोबर व्हीएफडीचे हर्ट्झ, फिल्टरचा दाब, हवेचा वेग, पाण्याचं येतं-जातं तापमान आणि व्हॉल्व्ह किती उघडा होता, हे लिहून ठेवायचं. ट्यूब लावायच्या आधीचं एक रीडिंग, मग दर महिन्याला. मुलाने आत्तापासून अशी वही ठेवली तर मुलाखतीत ती कुठल्याही आठ दिवसांच्या सर्टिफिकेटपेक्षा जड पडेल.

साठ हजार त्या कोर्सवर घालू नका. त्यातल्या थोड्या पैशांत डिजिटल मॅनोमीटर, हवेचा वेग मोजणारा ॲनिमोमीटर आणि अँपिअर मोजणारा चांगला क्लॅम्प मीटर घेऊन द्या. उरलेले डिप्लोमासाठी ठेवा. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे, मेकॅनिकल घ्यावं. गणित सुटलंय म्हणून पहिलं सत्र जड जातं, जाण्याआधी दोन महिने बीजगणित आणि त्रिकोणमिती करून घ्या. डिप्लोमानंतर वाटा रुंद होतात: औषध कंपन्यांतलं एचव्हीएसी व्हॅलिडेशन (एसी-हवा यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालते का ते तपासणं), हॉस्पिटलचा प्लँट, चिलर कंपन्यांची सर्व्हिस, आणि पुढे अनुभव जमला की ऊर्जा लेखापरीक्षणाची बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) परीक्षा. शिकवायची आवड असेल तर सीआयटीएस (निदेशकांचं प्रशिक्षण) करून आयटीआयमध्ये निदेशक. पुण्यात आहे तोवर इश्रे या एसी-रेफ्रिजरेशन अभियंत्यांच्या संघटनेच्या पुणे चॅप्टरच्या व्याख्यानांना जावं. सल्लागार आणि प्लँटवाले दोघेही तिथे भेटतात.

सध्याच्या नोकरीचं म्हणाल तर कॉन्ट्रॅक्टरशी शांतपणे बोलू द्या: शील्ड, हातमोजे, आणि लिमिट स्विच नसलेल्या युनिटमध्ये ट्यूब पेटवायची नाही. आठवड्यात झालं नाही तर सोडावी, या ट्रेडला पुण्यात काम मिळतं. नव्या ठिकाणी पगाराआधी दोन गोष्टी विचाराव्यात: युनिट उघडण्याआधी कुलूप कोण लावतं, आणि कॉइलची रीडिंगं कोणत्या रजिस्टरमध्ये लिहिता? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर त्या कंपनीत ट्यूबच बसवत राहावं लागेल.