औषधाचा गुण, की औषध घेणाऱ्याचा?

तुम्ही विचारलंय: "वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय संशोधनात रोज काहीतरी क्रांतिकारक घडल्याच्या बातम्या येतात. गेल्या दोन-चार वर्षांतलं तुम्हाला खरोखर मोलाचं वाटलेलं संशोधन कोणतं, आणि का?"

मी औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासण्याचं काम करतो. त्यामुळे माझी निवड जरा रुक्ष वाटेल. जनुकं कापणारी क्रिस्पर कात्री, प्रथिनांचे आकार सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, दोन्ही थोरच आहेत आणि दोन्हींना नोबेल मिळालंय. पण मला विचाराल तर मी ब्रिटनमधल्या वेल्सचा एक अभ्यास निवडेन: नागीण या आजाराच्या लसीने स्मृतिभ्रंश टळतो का, यावरचा. एप्रिल २०२५मध्ये तो 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आला. त्यात नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. सगळा डोलारा एका जन्मतारखेवर उभा आहे.

ती तारीख का महत्त्वाची हे कळायला आधी एक जुनी गोष्ट ऐका. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर अमेरिकेत 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' नावाची मोठी चाचणी झाली होती. त्यातलं एक औषध क्लोफायब्रेट. ते नेमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत साधारण १५ टक्के दगावले आणि टाळाटाळ करणाऱ्यांपैकी साधारण २५ टक्के. झालं की सिद्ध, औषध लागू पडतं! मग संशोधकांनी दुसरा गट पाहिला, ज्यांना औषधच नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी दिली होती. तिथे ती गोळी नेमाने घेणाऱ्यांपैकी १५ टक्के दगावले आणि न घेणाऱ्यांपैकी २८. गोळीत काहीच नव्हतं. तरीही ती नेमाने घेणारे जास्त जगले.

हे आकडे १९८० साली छापून आले. आमच्या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाने ते उशाशी ठेवावेत असं मला वाटतं. गोळी वेळेवर घेणारा माणूस बहुधा जेवणही वेळेवर घेतो, फिरायला जातो, दुखलं की डॉक्टरकडे जातो. शिवाय ज्याची तब्येत आधीच ढासळलीय त्याच्याच गोळ्या चुकतात. मग फरक पडला तो औषधाने की माणसाने, हे सांगणार कसं?

मीही या खड्ड्यात पडलोय. नवखा असताना मी एक झकास आलेख काढला होता: उपचार पूर्ण केलेले रुग्ण विरुद्ध मध्येच सोडलेले. पहिल्यांची रेघ वर, दुसऱ्यांची खाली, मध्ये भलंमोठं अंतर. वरिष्ठ बाईंनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, "ज्यांनी सोडले त्यांनी का सोडले?" मी फाइली काढून बसलो. बहुतेकांनी आजार बळावला म्हणून सोडले होते. माझी रेघ उपचाराचा गुण दाखवतच नव्हती, कोण आधीपासून जास्त आजारी होतं ते दाखवत होती. तो आलेख मी त्याच संध्याकाळी पुसला.

आता वेल्स. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूंच्या पेशींत दबा धरून बसतो आणि म्हातारपणी प्रतिकारशक्ती ढिली पडली की उठतो. मज्जासंस्थेत मुक्काम ठोकणाऱ्या अशा विषाणूंचा स्मृतिभ्रंशाशी काही संबंध असेल का, ही शंका जुनीच आहे. लस घेतलेल्यांना स्मृतिभ्रंश कमी होतो असं आरोग्य-नोंदी पूर्वीपासून दाखवत होत्या. पण अडचण तीच, क्लोफायब्रेटची. लस आठवणीने टोचून घेणारी म्हातारी माणसं मुळातच जास्त सावध आणि धडधाकट असतात. उलट ज्याची स्मृती आतून पोखरली जायला लागलीय, तो लसीची तारीखच विसरतो.

वेल्सने नकळत ही गाठ कापायची सुरी पुरवली. तिथे १ सप्टेंबर २०१३ला लसीकरण सुरू झालं. लस पुरेशी नव्हती आणि फार वृद्धांना तिचा उपयोग कमी होतो असं मानलं जात होतं. म्हणून नियम केला गेला: ज्यांचा जन्म २ सप्टेंबर १९३३ला किंवा त्यानंतर झालाय ते पात्र, त्याआधी जन्मलेले कायमचे अपात्र. थोड्याच दिवसांच्या फरकाने कुणी आत, कुणी बाहेर. तारखेच्या आठवडाभर आधी जन्मलेल्यांपैकी ०.०१ टक्का लोकांनी लस घेतली आणि आठवडाभर नंतर जन्मलेल्यांपैकी ४७.२ टक्के लोकांनी.

यातली मजा लक्षात घ्या. ऑगस्टच्या अखेरीस जन्मलेला माणूस सप्टेंबरच्या सुरुवातीला जन्मलेल्यापेक्षा जास्त शिस्तीचा, जास्त शिकलेला किंवा जास्त श्रीमंत असण्याचं काही कारण नाही. जन्मतारीख कुणी आपल्या स्वभावाने निवडत नाही. सरकारी कारकुनाच्या एका रेघेने लाखो माणसांच्या चिठ्ठ्या टाकल्यासारखंच झालं.

संशोधकांनी २.८ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी सात वर्षं मागे लागून पाहिल्या. तुलना करताना त्यांनी लस घेणारे विरुद्ध न घेणारे असं केलं नाही, हा खरा शहाणपणा. पात्र विरुद्ध अपात्र, अशी सगळीच्या सगळी माणसं मोजली. पात्र असूनही ज्यांनी लस टाळली त्यांनाही पात्रांतच धरलं. तसं केलं नसतं तर सावध माणसं एका बाजूला गोळा होऊन सगळा खेळ पुन्हा बिघडला असता. पात्र गटात निम्म्याहून कमी लोकांनीच लस घेतली होती, हे गणितात नंतर सामावून घेतलं. निष्कर्ष असा की लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं नवं निदान होण्याची शक्यता ३.५ टक्के बिंदूंनी, म्हणजे शंभरात साडेतीन जणांनी घटली. तुलनेने सांगायचं तर पाचात एक कमी. त्या तारखेच्या आसपास इतर आजारांत किंवा इतर प्रतिबंधक उपचार घेण्यात फरक पडतोय का, तेही त्यांनी तपासलं. नाही पडला.

माझी खोड म्हणा, पण मी सगळ्यात आधी मर्यादा पाहतो. ३.५ या आकड्याची शक्यतेची कक्षा ०.६ ते ७.१ इतकी रुंद आहे. म्हणजे गुण बहुधा आहे, पण किती, ते धूसर. तो बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बराच जास्त दिसला. आणि कारण अजून उलगडलेलं नाही. विषाणू दबून राहिल्यामुळे, की लसीने एकूणच प्रतिकारशक्तीला हलवून जागं केल्यामुळे, हे दोन्ही तर्क उभे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, नोंदींवरच्या अभ्यासावर एवढा विश्वास कशाला? रास्त आहे. उलट बाजूचं ताजं उदाहरण देतो. वजन आणि मधुमेहासाठीचं सेमाग्लुटाइड तुम्ही ऐकलं असेल. ते घेणाऱ्या मधुमेहींत अल्झायमरचं निदान कमी होतं, असं नोंदींवरून दिसलं होतं. एका अभ्यासात तर ४० ते ७० टक्के कमी. मथळ्यांना उधाण आलं. मग ते बनवणाऱ्या कंपनीने ३,८०० हून जास्त लोकांवर, सुरुवातीच्या टप्प्यातला अल्झायमर असलेल्यांवर, रीतसर चाचण्या केल्या. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना औषध नसलेली नुसती गोळी, कुणाला काय ते नशिबावर. नोव्हेंबर २०२५मध्ये निकाल जाहीर झाला: आजाराची चाल मंदावली नाही.

यातून औषध निरुपयोगीच ठरतं असं नाही. आजार झाल्यावर तो रोखणं वेगळं आणि होऊच न देणं वेगळं. पण ७० टक्क्यांचा तो आकडा पाहून माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा तीच जुनी गोळी आली, एवढं खरं. रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक (हार्मोन) उपचारांचंही हेच झालं होतं. नोंदी म्हणत होत्या की हृदयाला संरक्षण मिळतं. १६,६०८ स्त्रियांवर चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी २००२मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण फायद्यापेक्षा धोका जास्त निघाला.

म्हणून बातमी वाचताना मी एकच गोष्ट शोधतो: तुलना कोणाशी केली? उंदीर होता की माणूस हेही बघायला हवंच, पण ते एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे.

तुलना चोख असली तरी आकडा कसा सांगितलाय ते बघावं लागतं. लेकॅनेमॅब हे अल्झायमरचं औषध घ्या. चाचणी उत्तम होती, १,७९५ माणसं, दीड वर्ष. मथळा: "ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला." त्यातला प्रत्यक्ष हिशेब असा. ० ते १८ गुणांची एक मोजपट्टी असते, गुण वाढले की अवस्था खालावली. औषध न मिळालेले १.६६ने खालावले, औषध मिळालेले १.२१ने. फरक ०.४५. अठरा गुणांच्या पट्टीवर अर्ध्या गुणाहूनही कमी. घरच्यांना तो जाणवेल का, यावर मेंदूतज्ज्ञांत अजून जुंपलेली आहे. दुसऱ्या पारड्यात मेंदूला सूज येण्याचा धोका आहे: औषधाच्या गटात १२.६ टक्के, दुसऱ्यात १.७. बहुतेकांना ती सूज जाणवतही नाही, स्कॅनमध्येच दिसते, पण काहींना ती भोवते. २७ आणि ०.४५ हे दोन्ही आकडे खरेच आहेत. मथळ्यात कुठला जातो हे तुम्हीच ओळखा.

अगदी निर्भेळ आनंद देणारा निकाल हवा असेल तर लेनाकॅपाविर. एचआयव्ही होऊ नये म्हणून वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात १६ ते २५ वयाच्या मुलींवर चाचणी झाली आणि २०२४मध्ये निकाल आला. इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. रोजच्या जुन्या गोळीच्या गटात १,०६८ पैकी १६ जणींना झाला. माझ्या कामात शून्य हा आकडा इतका दुर्मिळ आहे की मी तक्ता दोनदा वाचला. इथेही तुलना पाहण्यासारखी आहे. बचावाची गोळी उपलब्ध असताना एका गटाला औषध नसलेली नुसती गोळी देणं म्हणजे त्यांना संसर्गाच्या तोंडी देणं. तेव्हा चाचणीसाठी तपासणीला आलेल्या सगळ्या मुलींमध्ये संसर्गाचा मूळ वेग किती, हे मोजून त्याच्याशी तुलना केली. आणि जुनी गोळी मागे का पडली? ती मुळात चांगली आहे, पण फार थोड्या मुली ती नेमाने घेत होत्या. लपवावी लागते, विसरते, घरात कुणी पाहिलं तर प्रश्न येतात. पुन्हा गोळी आणि गोळी घेणारा माणूस! फरक इतकाच की इथे संशोधकांनी माणसाला दोष न देता वेळापत्रकच बदललं.

आणि एक असं, जिथे माझं सगळं शास्त्र गप्प बसतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका बाळाला जन्मतः सीपीएस-१ नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता होती. शरीरात अमोनिया साचून मेंदू जळून जावा असा विकार, साधारण १३ लाखांत एकाला होणारा. डॉक्टरांनी त्याच्याच जनुकातलं एक चुकीचं अक्षर सुधारणारं औषध सहा महिन्यांत घडवलं, फक्त त्याच्यासाठी. फेब्रुवारी २०२५मध्ये पहिला डोस दिला. पुढे बाळाला आहारात जास्त प्रथिनं देता आली आणि अमोनिया काढणाऱ्या औषधाची मात्रा कमी करता आली. इथे दुसरा गट कुठून आणणार? असं दुसरं बाळच नाही. तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या दिवसाशी. इतक्या लहान मुलाच्या यकृताचा तुकडा काढून तपासणं धोक्याचं होतं, त्यामुळे किती पेशी सुधारल्या ते थेट मोजलेलंच नाही. एरवी अशा एका रुग्णाच्या कहाणीवर मी नाक मुरडलं असतं. पण हा आजार आपोआप सुधारत नाही हे पक्कं माहीत असताना एका रुग्णाचंही वजन पडतं.

मग वेल्सचा अभ्यास या सगळ्यांच्या वर का ठेवला, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. इतकं म्हणेन की उरलेल्या संशोधनांमागे मोठा पैसा आणि मोठी यंत्रणा होती. हा अभ्यास सरकारी दप्तरात पडून असलेल्या नोंदींतून निघाला, आणि कुणाला तरी ती तारीख दिसली म्हणून निघाला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या नोंदींवरही याच पद्धतीने पाहिलं, तिथेही तसंच चित्र मिळालं.

पक्कं उत्तर चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीतूनच मिळेल. घोडं पेंड खातंय ते वेगळ्याच ठिकाणी. वेल्समध्ये वापरलेली ती जिवंत विषाणूची जुनी लस अमेरिकेच्या बाजारातून २०२०मध्येच गेली, तिच्या जागी जास्त परिणामकारक नवी आली. जुन्या लसीत आता कुणाचा नफा नाही, त्यामुळे तिच्या चाचणीवर कंपनी पैसे घालेल अशी आशा कमीच. अभ्यासाचे प्रमुख पास्कल गेल्डसेट्झर यांनी या चाचणीसाठी देणगीदार शोधत असल्याचं उघड सांगितलंय.