पिल्लांना हात लावू देणारी जागा नको

अगं, आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पण आधी एक बघ: जिथे सिंहाच्या पिल्लांना दूध पाजायला, कुरवाळायला देतात, तिथे पैसे भरू नकोस. दक्षिण आफ्रिकेत अशी पिल्लं आईपासून लवकर तोडतात, आणि मोठी झाल्यावर त्यातली कित्येक कुंपणातल्या शिकारीसाठी विकली गेली आहेत. फोटो गोड येतो, मला मात्र तो बघवत नाही.

मी दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात आफ्रिकी रानकुत्र्यांच्या मागावर होते. पहाटे चारला उठायचं, उघड्या गाडीत कुडकुडत अँटेना फिरवायचा, आणि कुत्र्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरची टिक्-टिक् जिकडून ठळक येईल तिकडे गाडी वळवायची. कधी तीन तास नुसती खरखर. मग अचानक झुडपातून ते गोल कान वर येतात! अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक कुत्रा ओळखून वहीत टिपायचा. खरं काम हेच.

जून-जुलैत तिकडे हिवाळा, स्वेटर-कानटोपी घेच. केनियाला गेलीस तर पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घे. परतताना भारतात लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड मागतात. आणि गेंड्याचा फोटो ठिकाणाच्या खुणेसकट कुठे टाकू नकोस, चोरटे शिकारी तेच शोधत असतात.