डायलिसिसवर असलेल्या वडिलांच्या गोळ्या वारंवार राहतात. त्या नियमित कशा होतील?

आपण विचारले आहे की वडील डायलिसिसचा एकही वार चुकवत नाहीत, मग गोळ्याच का टाळतात. मी सोलापुरातील एका डायलिसिस केंद्रात परिचारिका आहे. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून एसटीने येणारे रुग्ण नेहमी पाहते. माझ्या अनुभवात गोळी विसरण्यापेक्षा टाळलीच अधिक जाते, आणि प्रत्येक गोळी टाळण्याचे कारण वेगळे असते. म्हणून ‘गोळ्या घेतल्या का?’ असे न विचारता ‘या आठवड्यात कोणती गोळी राहिली?’ असे शांतपणे विचारावे, आणि उत्तर ऐकून रागावू नये. एकदा रागावलात की पुढच्या वेळी खरे उत्तर मिळत नाही.

सर्वांत जास्त राहते ती फॉस्फरसची, म्हणजे शरीरातला फॉस्फरस आटोक्यात ठेवणारी गोळी. चार तासांच्या डायलिसिसमध्ये फॉस्फरस पुरेसा निघत नाही, म्हणून कॅल्शियम ॲसिटेट किंवा सेवेलामर ही गोळी अन्नातला फॉस्फरस आतड्यातच बांधून ठेवते आणि तो शौचावाटे बाहेर पडतो. ती जेवणासोबतच घ्यावी लागते. दोन तासांनी आठवण झाली आणि घेतली, तर फारसा उपयोग होत नाही. शिवाय ती घेतल्याने लगेच बरे वाटत नाही आणि न घेतल्याने लगेच काही दुखतही नाही. अंगाची खाज, ठिसूळ हाडे, रक्तवाहिन्यांत साचणारे कॅल्शियम हे सारे सावकाश येते. आपल्याकडे भाकरीसोबत शेंगाचटणी लागतेच, आणि शेंगदाण्यात फॉस्फरस भरपूर. पहाटे घर सोडलेला रुग्ण डबा उघडतो तेव्हा त्यात भाकरी असते, चटणी असते, गोळी मात्र घरी कपाटात असते. डब्याच्या पिशवीत एक स्ट्रिप कायमची ठेवावी. आमच्या एका आजोबांच्या घरी तर ताटात पूर्वी जिथे मीठ वाढत, तिथे आता ही गोळी वाढतात. मला ही युक्ती फार आवडली.

बीपीच्या गोळीचे कारण भीतीचे असते. मशीनवर असताना बीपी एकदा एकदम उतरले, की रुग्ण मनानेच ती गोळी बंद करतो. काही गोळ्या डायलिसिसच्या दिवशी नंतर घ्यायच्या असतात, काही नेहमीच्याच वेळी. कोणती कधी, हे नेफ्रोलॉजिस्टकडून, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडून, वारानुसार मराठीत लिहून घ्यावे.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की डायलिसिसच्या रुग्णाला मोजूनच मिळणारे पाणी गोळ्यांवर खर्च करणे जिवावर येते. जेवतानाचे पाणी गोळ्यांसाठीच राखावे. मात्र सगळ्या गोळ्या एकदम देऊ नयेत: फॉस्फरसची गोळी थायरॉईडच्या आणि काही अँटिबायोटिक औषधांनाही बांधून ठेवते, त्यामुळे त्यांत किती अंतर हवे ते विचारून घ्यावे.

पैशांचेही स्पष्ट बोलावे. डायलिसिस महात्मा फुले योजनेतून होत असले तरी रोजच्या गोळ्यांचा खर्च अनेकदा घरावरच पडतो, आणि वडील मुलांना न सांगता दिवसातून तीनदा घ्यायची गोळी एकदाच घेऊन स्ट्रिप पुरवतात. तसे असेल तर डॉक्टरांना सांगून जनऔषधी केंद्रात मिळणारा पर्याय लिहून घ्यावा.

पुढच्या वारी घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, संपलेल्या आणि अर्धवटसुद्धा, पिशवीत भरून सोबत आणा. मशीन सुरू झाल्यावर सिस्टरांना वेळ असतो. एकेक स्ट्रिप वडिलांच्या हातात देऊन ‘ही कशासाठी आणि कधी?’ हे त्यांनाच सांगू द्या. जिथे ते अडखळतील, तिथून सुरुवात करा.