रिपोर्ट नॉर्मल, मग नागीण कशी?

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. गेल्या महिन्यात कमरेला नागीण उठली. सीबीसीत पांढऱ्या पेशी ६,८००, लिम्फोसाइट २२ टक्के, सगळं नॉर्मल. तरी डॉक्टर म्हणतात, वयामुळं प्रतिकारशक्ती उतरली. हळदीचं दूध रोज देतोय. नेमकं काय बिघडलं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. ६,८०० चे २२ टक्के म्हणजे मायक्रोलिटरला सुमारे १,५०० लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. संख्या चांगली आहे, पण वय बदलतं ते या १,५०० च्या आतलं मिश्रण, आणि सीबीसीत ते दिसत नाही.

लिम्फोसाइटमधल्या टी पेशी तयार होतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. ही ग्रंथी लहानपणापासूनच आकसत जाते, तिच्या जागी चरबी येते. उतारवयात कोऱ्या, म्हणजे अजून कोणत्याही जंतूशी गाठ न पडलेल्या, टी पेशींची भर फार थोडी पडते. विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या सीडी८ गटात ही घट सर्वांत ठळक. जुने संसर्ग ओळखणाऱ्या स्मृतिपेशींचं प्रमाण वाढतं. त्यातल्या पुष्कळशा एकट्या सायटोमेगॅलो विषाणूमागं गुंतलेल्या असतात. तो आपल्याकडं बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि कायम राहतो.

नागिणीचं कारण थोडं वेगळं. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून असतो. त्याला दाबून ठेवणाऱ्या स्मृतिपेशी वयानं दुबळ्या झाल्या की तो डोकं वर काढतो.

फ्लो सायटोमेट्री या रक्ततपासणीनं टी पेशींचे हे प्रकार वेगळे मोजता येतात, पण एवढ्यासाठी ती करू नका. खर्च होईल, उपचार तेच राहतील. लिम्फोसाइट वारंवार ५,००० च्या वर दिसल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा रक्तविकारतज्ज्ञांना दाखवाच.

हळदीचं दूध खुशाल द्या, पण ते लसीची जागा घेत नाही. पुरळ पूर्ण गेल्यावर डॉक्टरांना विचारून नागिणीची, जिवंत विषाणू नसलेली लस द्या : दोन डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतरानं. पहिल्यानंतर दंड ठणकतो, कणकण येते, आणि त्या धास्तीनं लोक दुसरा चुकवतात. तो चुकवू नका, एका डोसावर संरक्षण अपुरं राहतं. फ्लूची लस दरवर्षी.

पुन्हा पुरळ उठलं तर विषाणूरोधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. गेरू लावण्यात आणि उतारा काढण्यात नेमका हाच वेळ जातो. वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत साफ खोटी आहे.

या वयात ताप फारसा चढत नाही. १०० फॅरेनहाइट, किंवा नेहमीपेक्षा २ अंश जास्त दिसला आणि वडील गळून गेले, जेवेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.