वाचकांचे प्रश्न : नव्वद दिवसांचा हिशेब आणि पाकिटातले सिमकार्ड

प्रश्न : आम्ही दोघे नुकतेच निवृत्त झालो असून आठ महिने परदेशात फिरण्याचा बेत आहे. मार्च ते मे युरोपातील शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) राहायचे आणि जूनमध्ये चार दिवस बाहेर जाऊन परत यायचे, म्हणजे नव्वद दिवस नव्याने सुरू होतात, असे एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. हा समज पुष्कळांचा असतो आणि तो नेमका परतीच्या सीमेवर, अधिकाऱ्याच्या खिडकीसमोर उभे असताना मोडतो. शेंगेन क्षेत्रातील २९ देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि हे १८० दिवस जानेवारीपासून किंवा पहिल्या प्रवेशापासून पुढे नव्हे, तर आपण तेथे असाल त्या प्रत्येक दिवसापासून मागे मोजायचे असतात. फ्रान्सचे दिवस वेगळे आणि इटलीचे वेगळे, असे काही नसते. प्रवेशाचा आणि निघण्याचा, असे दोन्ही दिवस हिशेबात येतात. विमान रात्री पावणेबाराला उतरले तरी तो एक पूर्ण दिवस गेला असे समजावे.

आपल्याच बेताचे उदाहरण घेऊ. १ मार्चला प्रवेश केलात, तर २९ मे हा नव्वदावा दिवस ठरतो आणि त्या दिवशी बाहेर पडणे भाग आहे. त्यानंतर मागचे १८० दिवस मोजताना १ मार्च हा दिवस गणतीतून गळतो तो २८ ऑगस्टला, म्हणजे आपला परतीचा दरवाजा जूनमध्ये नव्हे, तर त्या तारखेला उघडतो. मधले तीन महिने आयर्लंड, सर्बिया, अल्बेनिया किंवा तुर्कस्तान अशा क्षेत्राबाहेरच्या देशांत घालवता येतील, मात्र तेथील प्रवेशाचे नियम प्रत्येकाचे स्वतंत्र आहेत. शिवाय नव्वद ही कमाल मर्यादा आहे. व्हिसाच्या स्टिकरवर वैधतेच्या तारखा ऐसपैस असल्या, तरी मुक्कामाच्या दिवसांचा आकडा वेगळा छापलेला असतो आणि तो तीसही असू शकतो. घाईत लोक तारखा वाचतात आणि तो आकडा वाचायचा राहून जातो.

पूर्वी अधिकारी पासपोर्टची पाने उलटून पुसट शिक्क्यांवरून दिवस मोजत असत. १२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या पद्धतीत बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन ये-जा संगणकावर नोंदवली जाते, त्यामुळे एक दिवसाची चूकही लपत नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि शेंगेन क्षेत्रातून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो. इतर अनेक देश सहा महिने मागतात, तेव्हा आठ महिन्यांच्या प्रवासाआधी त्याचे नूतनीकरण उरकून घेतलेले बरे.

प्रश्न : रक्तदाबाच्या गोळ्या आठ महिन्यांच्या एकदमच न्याव्यात का?

उत्तर : सगळीकडे तशी मुभा नसते. उदाहरणार्थ, जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे साधारणपणे एक महिन्यापुरतीच पूर्वपरवानगीशिवाय नेता येतात, आणि सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती औषधे तेथे पूर्णपणे निषिद्ध आहेत. म्हणून चिठ्ठीवर व्यापारी नावाऐवजी घटकाचे नाव व मात्रा लिहून घ्यावी. तेवढ्यानेही कधी भागत नाही : पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणून मिळते आणि दम्याचे साल्ब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल होते, त्यामुळे दोन्ही नावे टिपलेली असावीत. गोळ्या मूळ वेष्टनात आणि हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात. प्रवासविमा घेताना जुना रक्तदाब त्यात धरला आहे का, आणि एका सलग प्रवासाला किती दिवसांची मर्यादा आहे, हे बारीक अक्षरांतून शोधून काढावे.

प्रश्न : परदेशात स्थानिक सिमकार्ड घेतल्यावर आपले जुने कार्ड काढून ठेवले तर चालते का?

उत्तर : मी तेच केले होते. जुने सिम एका कागदी पाकिटात घालून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवले. तिसऱ्या आठवड्यात बँकेने संशयावरून माझे कार्ड बंद केले आणि ते उघडण्याचा ओटीपी आला तो त्या पाकिटातल्या क्रमांकावर. पाकीट सापडले, पण रिचार्ज संपून क्रमांकही निजला होता. चार दिवस सहप्रवाशाच्या पैशांवर काढले, आणि चूक बँकेची कमी, माझी अधिक होती. दोन सिमचा किंवा ई-सिमचा फोन घेऊन जुना क्रमांक फक्त संदेशांपुरता जिवंत ठेवावा, आणि निघण्याआधी रोमिंग चालू असल्याची खात्री करावी. दोन वेगळ्या बँकांची कार्डे दोन वेगळ्या बॅगांत ठेवावीत. यंत्राने रक्कम स्थानिक चलनात की आपल्या, असे विचारले, तर स्थानिक निवडावे. दुसऱ्या पर्यायातला विनिमय दर बहुधा महाग पडतो.

प्रश्न : आठ महिन्यांसाठी कपडे किती लागतील?

उत्तर : आठ दिवसांचे पुरतात. रात्री धुतलेला सदरा कोरड्या टॉवेलवर पसरून दोन्हींची घट्ट गुंडाळी करावी आणि तिच्यावर गुडघा टेकून दाब द्यावा. टॉवेल ओला होतो आणि पातळ सुती सदरा सकाळपर्यंत बहुधा वाळतो. जीन्सला हा उपाय लागू पडत नाही, म्हणून ती एकच न्यावी.