बटाईच्या शेताची सरकारी मदत मालकाच्या खात्यात. बटाईदाराला किती द्यावे?

प्रश्न : यजमानांच्या पश्चात देपालपूर तहसिलीतील तीन हेक्टर शेत माझ्या नावावर झाले. मी इंदूरला राहते. शेत निम्म्या बटाईवर दिले आहे आणि बियाणे, खत, मजुरी हा सारा खर्च बटाईदार करतो. अतिवृष्टीने सोयाबीन गेले आणि सरकारी मदत माझ्या खात्यात जमा झाली. बटाईदार ती सगळी मागतो व पोलिसांत जाण्याची भाषा करतो. दीर म्हणतात, एक रुपया दिलात तरी तो शेतावर हक्क सांगेल. करार साध्या कागदावर आहे, तहसिलीत दिलेला नाही. काय करावे?

उत्तर : पोलिसांची धास्ती मनातून काढून टाकावी. राजस्व पुस्तक परिपत्रक 6-4 (नैसर्गिक आपत्तीतील मदतीचे मध्य प्रदेश शासनाचे नियम) खालील ही मदत महसुली नोंदीतील खातेदाराला मिळते. ती शासनाने स्वतःहून आपल्या खात्यात घातली असल्याने त्यात अपहार नाही. वाटणीचा वाद दिवाणी स्वरूपाचा आहे.

दिरांच्या भीतीचे मूळ मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 मध्ये आहे. तिच्या कलम 168 नुसार भूमिस्वामीला (म्हणजे जमीनमालकाला) सलग तीन वर्षांत एका वर्षाहून अधिक काळ जमीन भाडेपट्ट्याने देता येत नाही, पिकाच्या वाट्यावर दिलेली जमीनही पट्ट्यातच धरली जाते, आणि हे बंधन मोडल्यास कलम 169 खाली कसणाऱ्याला मौरूसी कृषकाचे, म्हणजे कायद्याने संरक्षित कुळाचे, हक्क मिळू शकतात. मात्र विधवा भूमिस्वामीला कलम 168 नेच या बंधनातून सूट दिलेली आहे. खाते आपल्या एकटीच्या नावावर असेल तर ती सूट आपल्याला मिळते. मुलांचीही नावे चढलेली असल्यास सर्व खातेदार सवलतीच्या वर्गात बसले पाहिजेत, म्हणून बी-1 ची (खातेदारांची नावे असलेल्या महसुली उताऱ्याची) ताजी नक्कल आधी काढावी. कोणत्याही परिस्थितीत, मदतीतला वाटा दिला एवढ्याने जमिनीवर हक्क निर्माण होत नाही. खरा धोका वर्षानुवर्षे कागदाविना चालणाऱ्या बटाईत असतो.

आता रकमेकडे वळू. मध्य प्रदेशात भूमिस्वामी व बटाईदार यांच्या हितरक्षणासाठी 2016 चा स्वतंत्र कायदा आहे. त्याप्रमाणे लेखी करार झालेला असेल आणि त्याची प्रत तहसीलदाराकडे दिलेली असेल, तर आपत्तीची मदत करारातील प्रमाणात दोघांत वाटली जाते. आपली प्रत तहसिलीत गेली नसल्याने या कायद्याचा आधार घेऊन बटाईदाराने रक्कम मागणे कठीण आहे. तरीही आपल्या सहीचा कागद त्याच्या हाती आहे आणि पैशाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. कागदात नुकसानीचा उल्लेख असेल तर तोच पाळावा. नसेल तर माझ्या मते निम्मी रक्कम देणे योग्य. ही मदत बुडालेल्या पिकासाठी आहे, आणि पीक निम्मे निम्मे वाटायचे ठरले होते. सगळी रक्कम मागण्यास त्याला आधार दिसत नाही. मात्र खर्च त्याचाच गेला असल्याने चार पैसे अधिक दिलेत तर मी आपल्याला अडवणार नाही.

रक्कम रोख देऊ नये, बँकेतून द्यावी. सोबत पावती घ्यावी आणि तीत कोणत्या हंगामाच्या मदतीचा वाटा, किती रक्कम, पूर्ण समाधान झाले असून पुढे मागणी राहिली नाही, तसेच शेतावरील ताबा केवळ बटाईचा आहे, एवढे स्पष्ट लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. पटवाऱ्याकडील गिरदावरीत (हंगामी पीक पाहणीच्या नोंदीत) कसणाऱ्याचे नाव कसे नोंदले आहे, तेही या निमित्ताने पाहून घ्यावे.

पीक विमा उतरवलेला असेल तर तो हिशेब या मदतीत मिसळू नये. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत बटाईदारही विमा उतरवू शकतो आणि खरिपात शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या कमाल दोन टक्के असतो. त्याने स्वतःच्या नावे हप्ता भरला असल्यास भरपाई त्याच्याच खात्यात जाते. पुढच्या पेरणीपूर्वी पाच वर्षांच्या आतला नवा करार तीन प्रतींत करावा, एक प्रत तहसीलदाराकडे देऊन पोच घ्यावी, आणि सरकारी मदत व विमा यांची वाटणी त्यात आकड्यांत लिहावी.