नाताळात दीड-दोन वर्षांच्या मुलाला कमी खर्चात काय भेट द्यावी?

मूल वीस महिन्यांचं, हात आखडता, झाडाखाली अगदीच ओकंबोकं दिसू नये अशी इच्छा, आणि आजी-आजोबा, मावशी, काका आपापली खेळणी घेऊन येणारच. तुमच्या प्रश्नातला पेच हा असा आहे. त्यातली दिलाशाची बाजू आधी सांगतो: या वयाच्या मुलाला भेटीची किंमत कळत नाही, खोकी मोजता येत नाहीत आणि नाताळ 25 डिसेंबरला असतो हेही ठाऊक नसतं. सणानंतर सवलतीत घेतलेलं खेळणं त्याच्या लेखी तितकंच नवं असतं.

खेळणं निवडताना त्याचं नाव बघू नका, क्रियापद बघा. मूल ते हातात घेऊन करणार काय? या वयात काही क्रियांचं वेडच लागलेलं असतं: आत टाकणं आणि बाहेर काढणं, रचणं आणि पाडणं, ढकलणं, झाकण लावणं-उघडणं, आणि दोनच्या आसपास मोठ्यांची नक्कल. तीच क्रिया दिवसातून पन्नास वेळा करता आली की खेळण्याचे पैसे वसूल. बटण दाबलं की गाणं वाजतं आणि दिवे लुकलुकतात, अशा खेळण्यात क्रियापद एकच, दाबणं. बाकी सगळं खेळणंच करतं आणि मूल बघत बसतं. (असं एखादं कुणी आणलंच, तर स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टीचे दोन थर लावा. आवाज बराच कमी होतो.)

एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर मी एकात एक बसणारे पेले घ्या म्हणेन, आठ-दहांचा संच. वर्षाचं मूल ते एकमेकांवर आपटतं, दीड वर्षाचं तुम्ही रचलेला मनोरा पाडतं, दोन वर्षांचं स्वतः उलटे रचायला लागतं, आणि तिसऱ्या वर्षी लहान-मोठ्याचा क्रम जमायला लागतो. शिवाय आंघोळीत पाणी ओतायला आणि वाळूचे किल्ले करायला तेच चालतात. तळाला भोक असलेले बघून घ्या. एक तर पाणी निथळतं, आणि दुसरं महत्त्वाचं: पेला नाका-तोंडावर दाबला गेला तरी आत हवा जाते, तो चिकटून बसत नाही.

दुसऱ्या क्रमांकावर ठोकळे. इथे लोक शंभर नगांचा डबा घेऊन फसतात. दीड-दोन वर्षांचं मूल चार ते सहा ठोकळ्यांचा मनोरा करतं, त्यामुळे पंधरा-वीस ठोकळे खूप झाले. लेगो कंपनीच्या ड्युप्लोसारखे मोठे ठोकळे वापरलेले मिळाले तर डोळे झाकून घ्या. ते साध्या लेगोच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच असतात आणि पुढे मूल मोठं झालं की साध्या लेगोच्या ठोकळ्यांना जोडताही येतात. आणल्यावर कोमट साबणपाण्यात धुवा. पाणी 40 अंशांच्या वर नको. उकळलेत तर वाकतील आणि मग एकमेकांत बसणार नाहीत.

आकार ओळखून भोकात टाकायचा डबा घ्यायचा तर तीन-चार आकारांचाच. दहा-बारा आकारांच्या डब्याचं मूल दोन मिनिटांत झाकणच उघडतं आणि सगळं थेट आत ओततं. मेणखडू जाड आणि ठेंगणे हवेत; बारीक खडू कडकन मोडतो आणि तुकडा तोंडात जातो. चार रंग पुरतात. पुस्तक जाड पुठ्ठ्याचं, पानावर एकच मोठं चित्र असलेलं. ओढायच्या गाडीपेक्षा दांडा धरून ढकलायची बरी. दोरी घ्यायचीच तर आखूड हवी, गळ्याभोवती वेढा बसेल इतकी लांब नको आणि टोकाला फासही नको.

आता फुकटात होणारी भेट: खाचेचा डबा. झाकण घट्ट बसणारा, दोन-तीन लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. पत्र्याचा टाळा, कडा कापतात. बरण्यांची सहा-सात सेंटिमीटर रुंदीची प्लास्टिकची टोपणं दहा-बारा जमवा, गरम साबणपाण्यात धुवा, आतली सुटी रबरी चकती असेल तर काढून टाका. सगळ्यात जाड टोपण मोजा. समजा ते 15 मिलिमीटर भरलं, तर डब्याच्या झाकणावर 18 मिलिमीटर रुंद आणि टोपणाच्या व्यासापेक्षा एक सेंटिमीटर जास्त लांब अशी खाच आखा. धारदार कटरने एका दमात कापू नका. त्याच रेघेवरून चार-पाच वेळा हलक्या हाताने पातं फिरवा, नाहीतर प्लास्टिक तडकतं. कडा पॉलिश पेपरने घासा आणि बोट फिरवून बघा. खाच ऐसपैस केलीत तर टोपण कसंही टाकलं तरी आत जातं आणि मजा संपते. मनगट वळवून टोपण उभं धरायला लागलं पाहिजे, सगळा खेळ त्या वळवण्यातच आहे. फार अरुंद केलीत तर मात्र मूल चिडून डबा फेकतं. टोपण आत पडताना होणारा ‘टक्’ हे बक्षीस, म्हणून तळाला कापड घालू नका.

नक्कल करणाऱ्या वयासाठी खेळण्यातलं स्वयंपाकघर विकत घ्यायची गरज नाही. एक लहान पातेलं, दोन वाट्या, लाकडी चमचा आणि फडकं एका टोपलीत घालून दिलं की झालं. खरी भांडी टिकतात, आणि आई-बाबा वापरतात तेच आपल्याला मिळालं याचं अप्रूप वेगळंच. घरातल्यांच्या फोटोंचं पुस्तकही असंच: आठ-दहा फोटो, प्रत्येक पानावर एकच चेहरा, पानं जाड पुठ्ठ्याची, कोपरे गोल कापलेले, पिन कुठेही नाही.

सुरक्षिततेत काटकसर नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी प्रयोगशाळेत एक छोटी नळी वापरतात, 31.7 मिलिमीटर व्यासाची. जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. घरी त्याऐवजी टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी घ्या. ती साधारण चार सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे परीक्षा थोडी जास्तच कडक होते, आणि तेच बरं. नळीतून जे आरपार जातं ते देऊ नका. चेंडू तर 45 मिलिमीटरहून मोठाच हवा, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते. मऊ खेळण्यांचे डोळे बटणाचे नकोत, धाग्याने भरतकाम केलेले हवेत.

चार गोष्टी घरात येऊच देऊ नका: सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नाही असं कोणतंही खेळणं, सुटे ताकदवान चुंबक, पाण्यात फुगणारे मणी आणि रबरी फुगे. बटण सेल (बटणासारखा गोल, चपटा छोटा सेल) गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही गंभीर भाजू शकते. दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या भिंती मधे चिमटून एकमेकांना चिकटतात आणि तिथे भोक पडतं. यांपैकी काही गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. गाणारी शुभेच्छापत्रं आणि झाडावरचे काही लुकलुकणारे छोटे दिवे यांतही बटण सेल असतात, तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

वापरलेलं घेण्यात काहीही कमीपणा नाही, फक्त निवडून घ्या. लाकूड आणि टणक प्लास्टिक उत्तम. पिचकारीसारखी पाणी उडवणारी आंघोळीची खेळणी नकोत. आत काळी बुरशी असते आणि ती धुऊन निघत नाही. फार जुनं, रंगाचे पोपडे निघालेलं खेळणंही नको. जुन्या रंगांत शिसं असायचं (अमेरिकेत त्यावर 1978 साली बंदी आली) आणि या वयात सगळं आधी तोंडात जातं.

आता झाडाखालच्या रिकामपणाचं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात 36 लहान मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांबरोबर खेळू दिलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि ते जास्त तऱ्हांनी वापरलं. त्यामुळे तीन-चार भेटी पुष्कळ झाल्या. देखावा हवाच असेल तर एक मोठं खोकं ठेवा. चेष्टा नव्हे, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या द स्ट्राँग संग्रहालयाने 2005 साली पुठ्ठ्याच्या खोक्याला खेळण्यांच्या मानाच्या यादीत बसवलंय. खोक्याच्या धातूच्या पिना उपटा, दोन्ही बाजू उघडून बोगदा करा, कडांवर रुंद चिकटपट्टी लावा.

नातेवाईकांना ‘काही आणू नका’ म्हणून उपयोग नसतो, ते आणतातच. त्याऐवजी महिनाभर आधी प्रत्येकाला एकेक नेमकी वस्तू वाटून द्या: एकाला मेणखडू आणि कागद, एकाला पुस्तक, एकाला पुढच्या मापाचे कपडे. तरीही ढीग झालाच तर निम्मा कपाटात ठेवा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करा.

वेष्टनाच्या बाबतीत, खेळणं दुकानातल्या खोक्यातून आदल्या रात्रीच बाहेर काढा. आतल्या तारा, प्लास्टिकचे बंद आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेका, सेल घाला, आणि मग सैलसर कागदात गुंडाळून एकाच जागी चिकटपट्टी लावा. कागदाला एका कडेला छोटी चीर द्या, म्हणजे फाडायला सुरुवात कुठून करायची ते मुलाला सापडतं. रिबीन लावलीच तर उघडताक्षणी उचलून ठेवा. भेटी एकामागून एक हातात कोंबू नका. पहिलीतच मूल रमलं तर बाकीच्या दुपारच्या झोपेनंतर, नाहीतर दुसऱ्या दिवशी. आणि ते खेळणं सोडून कागदच फाडत बसलं, तर फाडू द्या. फक्त चिकटपट्टीचे तुकडे तोंडात जात नाहीत ना, तेवढं बघा.